दगडाचा रंग काळा नसतो

हात फिरे तिथे…

मैत्रिणींनो,

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की आपल्या घरांत दोन याद्या सुरू होतात. एक आपली : रवा, बेसन, चकलीची भाजणी, अनारशाचे तांदूळ कधी भिजत घालायचे त्याचा हिशेब. दुसरी मुलांची : माती, विटा, जुनी पोती, हळीव आणि कुंभाराकडचे मावळे. आपल्या यादीतलं सामान वाण्याकडे मिळतं. मुलांच्या यादीतलं निम्मं सामान मात्र आपल्याच स्वयंपाकघरातून नाहीसं होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

या आठवड्याचा विषय त्या दुसऱ्या यादीतला आहे. सेलूच्या एका भगिनीचं पत्र आलंय. त्या लिहितात, "मुलाने पुठ्ठ्याचा किल्ला केला. शाळेत स्पर्धा आहे म्हणून मी तो काळ्या रंगाने रंगवून दिला. आता तो किल्ला न वाटता कोळशाची वखार वाटते. मुलगा काही बोलत नाही, पण त्याचं तोंड उतरलं आहे. छोट्या किल्ल्याचा दगड खऱ्या दगडासारखा दिसावा म्हणून काय करावं?"

पत्र वाचून आधी हसू आलं, आणि मग जरा टोचलंही. कारण ही वखार मीसुद्धा उघडली होती. रंगाची कृती सांगण्याआधी ती हकिकत सांगते, कारण कृतीतलं निम्मं शहाणपण त्या फजितीतूनच आलेलं आहे.

माझं माहेर साताऱ्याचं. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या पोरींना दिवाळीचा किल्ला काही शिकवावा लागत नाही. सासरी परभणीला आले तेव्हा आमच्या गल्लीत किल्ला करायची चाल नव्हती. मीच हौसेने मुलांना लावून दिली. तीन वर्षांपूर्वी धाकटा चौथीत होता. शाळेत किल्ल्यांची स्पर्धा लागली. त्याने शेतातून दोन घमेली काळी माती आणवली आणि चार दिवस खपून अंगणात किल्ला उभा केला. ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. पाचव्या दिवशी तटाला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि एक बुरूज सरळ आडवा झाला.

पोरगं रडकुंडीला आलं. मी म्हटलं, तू झोप, मी बघते. आणि बघितलं ना! रात्री दोनपर्यंत जागून भेगा बुजवल्या, बुरूज नवा केला, आणि खिडक्यांच्या गजांसाठी आणलेला करडा तेलरंग वरपासून खालपर्यंत चोपडला. सकाळी पाहिलं तर काय, किल्ला नव्हे, गच्चीवरची पाण्याची टाकी! चकचकीत, गुळगुळीत, एकसारखी. तरी परीक्षकांनी दुसरा क्रमांक दिला. धाकट्याला पुढे बोलावून विचारलं, "बाळ, किल्ला कसा केलास?" त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "आईने केला."

घरी आल्यावर प्रमाणपत्र त्याने कपाटात टाकलं. मावळे खोक्यातून बाहेरच काढले नाहीत. मला वाटलं, दमला असेल. पण पुढच्या दिवाळीला मी विचारलं, "काय रे, किल्ला?" तर म्हणाला, "तूच कर ना." एवढंच. त्या वर्षी आमच्या अंगणात किल्ला झाला नाही.

मैत्रिणींनो, मुलाच्या हातातलं काम आपण चांगल्या हेतूनेच काढून घेतो. पण ते परत त्याच्या हातात द्यायला एक वर्ष लागतं, हे मी शिकले.

चारठाण्याचा धडा

त्याच वर्षी भाऊबिजेला आम्ही जिंतूरला नणंदेकडे गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सगळे मिळून चारठाण्याला गेलो. जिंतूर तालुक्यातलं हे गाव जुन्या मंदिरांसाठी प्रसिद्ध आहे. कोरीव उंच स्तंभ आहे, पायऱ्यांची बारव आहे. आपण हेमाडपंती म्हणतो ती ही बांधणी. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, तेराव्या शतकातला. त्याच्या नावावरून हे नाव पडलं. या बांधणीत दगड एकमेकांत असे नेमके बसवतात की मधे चुन्याची गरज लागत नाही.

आम्ही बायका सावलीला बसून डबे उघडत होतो. धाकटा आपला एका भिंतीपाशी उभा. पाण्याच्या बाटलीतलं पाणी हातावर घेऊन दगडाला लावत होता. मी ओरडणार, तेवढ्यात तोच धावत आला. "आई, दगड काळा नाहीये! ओला केला की काळा होतो, वाळला की परत करडा!"

मग मीही उठले. आणि खरं सांगते, आयुष्यभर काळा दगड, काळा पाषाण म्हणत आले, पण त्या दिवशी तो पहिल्यांदा पाहिला. धाकट्याने बोटं मोडून रंग मोजले. करडा. चहासारखा तपकिरी. गंजासारखा तांबूस. बुडाशी शेवाळाचा हिरवा. वर उन्हात पांढरट डाग. त्यातच कुठे पिवळसर. आणि कोनाड्यात दिव्याच्या काजळीचा खराखुरा काळा. सात झाले!

याचं कारणही समजून घ्या, म्हणजे रंग पाठ करावे लागणार नाहीत. आपला हा दगड बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतून तप्त रस वाहून आला, थरावर थर साचले आणि थंड होऊन दगड झाले. सह्याद्रीचे कडे याचेच आणि आपल्या बहुतेक किल्ल्यांचे तटही याचेच. या दगडात लोह असतं. शेकडो वर्षं पाऊस आणि हवा लागली की ते गंजतं, म्हणून तपकिरी-तांबूस झाक येते. पांढरे-पिवळे डाग हे दगडफुलाच्या जातीचे, तेच दगडफूल जे आपण काळ्या मसाल्यात भाजून घालतो! आणि गंमत म्हणजे आपली परभणीची काळी माती हाच दगड झिजून झालेली आहे. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून शेताला भेगा पडतात आणि पोरांच्या किल्ल्यालाही. तेव्हा नुसत्या काळ्या मातीचा तट उभारू नका. त्यात निम्मी वाळू आणि मूठभर भुसा घातला तर भेगा पुष्कळ कमी होतात. टेबलावर ठेवायचा लहान किल्ला असेल तर माती नकोच. त्यासाठी लगदा बरा.

आधी माप, मग रंग

रंग कितीही छान दिला, तरी दगडाचं माप चुकलं की सगळं फसतं. मुलं काय करतात, तीन-तीन इंचांचे चौकोन आखतात. मग मावळ्याशेजारी एकेक दगड लोखंडी ट्रंकेएवढा दिसतो. हिशेब सोपा आहे. मावळा तीन इंचांचा आहे. खरा माणूस साडेपाच फूट, म्हणजे ६६ इंच धरा. म्हणजे आपलं सगळं जग २२ पट लहान झालं. तटाचा दगड खऱ्यात साधारण पावणेदोन-दोन फूट लांब आणि फूटभर उंच धरला, तर आपल्या किल्ल्यावर तो एक इंच लांब आणि अर्धा इंच उंच हवा. घोडेस्वार आत जायचा तर दरवाजा निदान सहा इंच उंच ठेवा. मुलाला हे गणित करू द्या. शाळेतलं गुणोत्तर-प्रमाण किल्ल्यावर लवकर कळतं.

पुण्याला माझा भाचा आहे. तो आणि त्याचे मित्र टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाईचा खेळ खेळतात. परदेशात हा खेळ जुना आहे; एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ साली त्याच्या नियमांचं पुस्तकच लिहिलं होतं, 'लिटल वॉर्स' नावाचं. या मंडळींच्या छोट्या घरांचे आणि तटांचे दगड इतके हुबेहूब असतात की हात लावून पाहावंसं वाटतं. त्याला मी विचारलं, यातलं गुपित काय? तो म्हणाला, "मावशी, मोठ्या भिंतीवर ऊन आपोआप सावली पाडतं. छोट्या भिंतीच्या बारीक फटीत सावली पुरेशी पडतच नाही. म्हणून सावली आणि ऊन, दोन्ही आपणच रंगवायचं."

बाई गं, मनात म्हटलं, हे तर आपण रोज करतो. डोळे मुळात असतातच, काजळाची रेघ ओढली की उठून दिसतात.

त्याने शिकवलेली रीत आणि आमच्या सासूबाईंचा लगदा, या दोन्हींची मिळून खालची कृती तयार झाली आहे. सासूबाई त्यांच्या काळी कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करत. त्यात मेथी वाटून घालत. मेथीने लगदा चिकट होतो आणि कीडही लागत नाही.

साहित्य : जुनी वर्तमानपत्रे ५-६, मेथीदाणे १ लहान वाटी, पांढरा डिंक (फेविकॉल) २ मोठे चमचे, जाड पुठ्ठ्याचे खोके, चाळलेली बारीक वाळू मूठभर, विणकामाची सुई, चॉकलेटच्या चांदीच्या कागदाचा चुरगळलेला बोळा, जुना दातांचा ब्रश, एक जाड आणि एक बारीक कुंचला, जुने सुती फडके. रंग : काळा, पांढरा, हिरवा आणि पिवळा पोस्टर रंग, कुंडीला लावतो तो गेरू.

थर्माकोल लिहिला नाही, हे लक्षात आलं असेल. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. शिवाय तो कापताना जे पांढरे दाणे घरभर उडतात ते फराळाच्या ताटापर्यंत जातात, हा माझा अनुभव.

लगदा : कागदाचे बारीक तुकडे दोन दिवस पाण्यात भिजवावेत. पाणी रोज बदलावे. मेथी रात्री भिजवून सकाळी बारीक वाटावी. कागद पाट्यावर वाटावा, किंवा मिक्सरमधून थोडा-थोडा, भरपूर पाणी घालून काढावा. घट्ट पिळून घ्यावा. त्यात मेथी, डिंक आणि वाळू घालून पुरणाइतका घट्ट मळावा. वाळूने दगडाला खरखरीतपणा येतो.

तट : पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना आधी कागद चिकटवावा, नाही तर लगदा वाळताना पुठ्ठा पापडासारखा वळतो. तट उभा करताना तो किंचित आत झुकलेला ठेवावा. खरे तटही खाली रुंद आणि वर अरुंद असतात. त्यावर पाव इंच जाडीचा लगदा थापावा. जास्त जाड थापला तर आतून वाळत नाही आणि बुरशी धरते.

दगड पाडणे : हे काम अगदी वेळेवर करायचे आहे. ओल्या लगद्यावर रेघ ओढली तर तो सुईबरोबर ओढला जातो. वाळल्यावर रेघ उमटतच नाही. वड्या पाडण्याची जी वेळ, तीच ही वेळ. बोट लावले तर चिकटू नये, पण दाबले तर खूण उमटावी. आधी आडव्या रेघा ओढाव्यात, मग उभ्या. खालच्या थरातल्या उभ्या सांध्यावर वरच्या थराचा सांधा येऊ देऊ नये. वरचा दगड खालच्या दोन दगडांवर बसला पाहिजे. पट्टीने रेघा मारू नयेत, हातानेच माराव्यात. कोपऱ्याचे दगड जरा मोठे ठेवावेत. मग चांदीच्या कागदाचा बोळा हलक्या हाताने दाबत जावा. त्याने टाकीचे घाव उठल्यासारखे दिसतात. एक दिवस सावलीत आणि मग तीन दिवस उन्हात वाळवावे.

रंग : चार हात

पहिला हात. काळ्यात पांढरा मिसळून गडद करडा करावा आणि त्यात चिमूटभर गेरू घालावा. नुसता काळा कधीही लावू नये. हा रंग सगळीकडे, फटींतसुद्धा, पोचला पाहिजे. जुन्या दातांच्या ब्रशने तो चांगला आत जातो.

दुसरा हात. हा वाळल्यावर मुलाला सांगावे, दहा दगडांतले तीन निवड. एकाला थोडा जास्त गेरू, एकाला थोडा जास्त पांढरा, एकाला किंचित पिवळा मिसळून रंगव. ओळीने निवडू नये. पेरणीत चुकून पडलेल्या बियांसारखे इकडे-तिकडे असावेत. एवढ्यानेच टाकीची भिंत तटाची भिंत होते.

तिसरा हात, सावलीचा. काळा आणि थोडा गेरू भरपूर पाण्यात कालवावा, इतका की ताकाच्या निवळीसारखा पातळ व्हावा. त्यात भांडी घासायच्या साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाकावा. साबणाने पाणी थेंबाथेंबाने साचून न राहता पसरते आणि फटीत उतरते. पोस्टर रंग पाण्याने सुटतो, म्हणून एका जागी कुंचला घासू नये. एकदा फिरवून पुढे जावे. दगडावर जास्त पाणी साचले तर फडक्याने टिपून घ्यावे. हे वाळताना किल्ला बिघडल्यासारखा, मळकट दिसतो. घाबरू नये! माझ्या मुलाच्या डोळ्यांत इथेच पाणी आले होते. पूर्ण वाळू द्यावा.

चौथा हात, उन्हाचा. फिकट करडा रंग घट्टच घ्यावा. कुंचल्याचे नुसते टोक बुडवावे आणि फडक्यावर पुसत राहावे, इतके की आता यात रंग उरलाच नाही असे वाटावे. मग तो कोरडा कुंचला दगडांवरून आडवा, हलका, भराभर फिरवावा. धिरड्यासाठी तव्याला तेलाचा नुसता हात लावतो ना, तसा. फटीत रंग जात नाही, फक्त दगडांच्या कडा आणि उंचवटे उजळतात. एकदम नाही, हळूहळू. आणि मग एक क्षण असा येतो की पुठ्ठा दिसेनासा होतो आणि दगड दिसू लागतो. तो क्षण मुलाचा आहे. कुंचला त्याच्याच हातात असू द्या.

शेवटी वयाच्या खुणा. तटाच्या बुडाशी आणि पाणी उतरते तिथे हिरव्यात जरा गेरू घालून शेवाळ लावावे. निव्वळ हिरवा पोपटासारखा दिसतो. वरच्या बाजूला कुठे कुठे पांढरट-पिवळट ठिपके द्यावेत. चर्यांखाली, म्हणजे तटावरच्या त्या पाकळ्यांखाली, पावसाचे गडद ओघळ ओढावेत. कोनाडा असेल तर त्यात थोडी काजळी बोटाने लावावी. मग हात आवरावा. मीठ घालताना जो विवेक ठेवतो, तोच इथे.

दोन-चार सूचना

तेलरंग वापरू नका. तो चकाकतो, आणि जुना दगड उन्हात चकाकत नाही. पिवळ्यासाठी हळद घेऊ नका. उन्हाने तिचा रंग उडतो, आणि चुना लागला तर लाल होते. गेरू मात्र वर्षानुवर्षं टिकतो. लहान मुलांच्या हाती चुना देऊ नका. डोळ्यात गेला तर फार घातक. पांढरा पोस्टर रंग पुरतो. मातीचा किल्ला असेल तर हळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ करावी, पण तटापासून चार बोटं दूर. नाही तर रोज पाणी शिंपडताना आपलाच रंग ओघळतो.

किल्ला कुठला करावा?

२०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्कोने शिवरायांच्या काळाशी निगडित १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. ११ आपल्या महाराष्ट्रातले : साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. बारावा तामिळनाडूतला जिंजी. मुलं या यादीतूनच किल्ला निवडतात आणि ते छानच आहे. रायगड केलात तर त्याचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत कसा लपवला आहे, ते चित्र पाहून नीट समजून घ्या. जिंजी केलात तर रंग बदला. तो मुलूख ग्रॅनाइटचा, म्हणून दगड फिकट करडा आणि किंचित तांबूस.

पण मला एक सुचवायचं आहे. त्या बारांत आपल्या मराठवाड्यातला एकही किल्ला नाही. म्हणून काय ते किल्ले नाहीत? नांदेड जिल्ह्यात कंधार आहे, लातूर जिल्ह्यात औसा आणि उदगीर, धाराशिव जिल्ह्यात परांडा आणि नळदुर्ग. नळदुर्गला तर बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला आहे, १६१३ सालचा, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातला. बंधाऱ्यावरून पाणी कोसळत असताना आतली माणसं कोरडी! हे बहुतेक भुईकोट आहेत. म्हणजे सपाट जमिनीवर तट, बुरूज आणि भोवती पाण्याचा खंदक. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना डोंगर कुठून आणायचा ही पंचाईत असते. भुईकोट एका पाटावर बसतो. आणि भुईकोटात सगळी शोभा तटाच्या दगडांचीच, त्यामुळे आपलं हे रंगकाम त्यावर फार खुलतं.

एका रविवारी मुलांना घेऊन जवळचा एखादा किल्ला किंवा जुनं देऊळ पाहून या. चारठाणा आहे, गंगाखेड तालुक्यात गोदाकाठी धारासूरचं गुप्तेश्वर मंदिर आहे. दगडावर नाव कोरू नका, रंग लावू नका. नुसता तळहात टेकवा आणि रंग मोजा. ज्याने एकदा मोजले, त्याला कुणी कृती सांगायला लागत नाही.

आता सेलूच्या भगिनींना उत्तर

ताई, तुमचा किल्ला फुकट गेलेला नाही. काळा रंग पोस्टरचा असेल तर तो बसलेलाच आहे. तुमचा पहिला हात झाला असं समजा. त्यावर फिकट करडा कोरड्या कुंचल्याने फिरवायचा आहे, आधी तपकिरी आणि मग करडा. एका दुपारचं काम आहे. पण ते तुम्ही करू नका. मुलाला एक दगड करून दाखवा. एकच. मग कुंचला त्याच्या हातात द्या आणि चकल्या तळायला आत जा. मधूनमधून बाहेर डोकावून "असं नाही, तसं" म्हणायचा फार मोह होईल. तळणीकडे लक्ष द्या. चकल्याही बिघडणार नाहीत आणि किल्लाही.

आमच्याकडे काय झालं, तेही सांगून टाकते. गेल्या दिवाळीत धाकट्याने परांडा करायचा म्हटलं. सासूबाईंनी लगदा मळून दिला, मी पुठ्ठा कापून दिला, पुढचं सगळं त्याचं. मला फार वाटत होतं म्हणून त्याने उदारपणे मागच्या बाजूचा एक बुरूज मला रंगवायला दिला, भिंतीकडे तोंड असलेला! मी मन लावून रंगवला.

स्पर्धेत नंबर आला नाही. पण मावळे पहिल्या दिवशीच खोक्यातून बाहेर आले. तुळशीचं लग्न त्या किल्ल्याशेजारीच लागलं, कारण तो हलवायची कुणाची छाती नव्हती. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला धाकटा सगळा कोट फिरून दाखवायचा : ही फांजी, या जंग्या, हा खंदक. शेवटी पाटच गर्रकन फिरवून मागची बाजू दाखवायचा.

"हा बुरूज आईने केलाय. लगेच ओळखू येतो. सगळे दगड सारखे आहेत."

पाहुणे हसायचे. मीही हसायचे. दुसऱ्या क्रमांकाच्या प्रमाणपत्रापेक्षा हे बरं.

तर चला, मैत्रिणींनो, आज रात्री मेथी भिजत घाला. आणि तुमच्या घरच्या किल्ल्याला कोणता दगड लागला, ते कळवायला विसरू नका.